धूरमुक्त परिसर आणि गच्चीची किल्ली

आमच्या हॉस्पिटलात एकदा एक फॉर्म आला. फॉर्म येतच असतात. मी रेकॉर्ड विभागाचा प्रमुख, त्यामुळे ते फिरून फिरून शेवटी माझ्याकडेच येतात आणि माझ्याकडे आलेला कागद सहसा पुढे कुठे जात नाही. या फॉर्मात प्रश्न एकच होता : आपण धूम्रपान करता का? मोठ्या सर्जनपासून सफाई कामगारांपर्यंत दोनशे बारा जणांनी तो भरला. दोनशे अकरा जणांनी 'लागू नाही' असं लिहिलं. मी लिहिलं, 'नऊ वर्षांपूर्वी सोडली.'

नुसतं 'नाही' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण सोडलेल्या सिगरेटीचा माणसाला एक अभिमान असतो, आणि तो मिरवायला नऊ वर्षांत मला कोणी जागाच दिली नव्हती. घरातलं कौतुक तर पहिल्या पंधरवड्यातच संपलं होतं.

पुढच्या मंगळवारी सुपरिंटेंडेंट मॅडमनी, म्हणजे डॉ. नम्रता यांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. समोर ते सगळे फॉर्म रचून ठेवलेले.

"साटम," त्या म्हणाल्या, "या कागदांप्रमाणे आपल्या हॉस्पिटलात आजवर फक्त एका माणसाने सिगरेट ओढलेली आहे. ते तुम्ही."

मी मान खाली घातली.

"मग मागच्या जिन्यात रोज सुपलीभर थोटकं निघतात, ती कोणाची?"

ती माझी नव्हेत, एवढंच मला ठामपणे सांगता आलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सहा आठवड्यांनी एका संस्थेचे तपासनीस येणार होते. त्यांनी पसंत केलं तर 'धूरमुक्त रुग्णालय' असं प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि ते लावायला रिसेप्शनमागची भिंत मॅडमनी आधीच रिकामी करून ठेवली होती. आता उरला होता तो फक्त धूर. त्या दिवसापासून मी 'नोडल अधिकारी, धूरमुक्त परिसर' झालो. नोडल म्हणजे काय हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे पदं अशीच मिळतात.

आम्ही राहतो प्रभादेवीला, तीन मजली जुन्या इमारतीत. संध्याकाळी चहा घेताना मी ही बातमी शक्य तितक्या सहज आवाजात अक्षदाला सांगितली. अक्षदा माझी बायको. तिने पोह्यांत लिंबू पिळता पिळता विचारलं, "तुम्ही लोकांना पकडणार?"

"समज देणार."

"न्हाणीघरात शिरलेलं कबूतर तुम्हांला दोन दिवस बाहेर काढता आलं नव्हतं."

शेजारच्या गणपतकाकांनी मात्र बातमी मनावर घेतली. काका चौतीस वर्षं लालबागच्या मिलमध्ये होते. आता गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि ज्याने मागितला नाही त्यालाही सल्ला देतात.

"हितू," ते मला घरच्या नावाने हाक मारून म्हणाले, "मिलात विडीक बंदी व्हती. कापूस तो. एक ठिणगी पडली की खेळ खलास. म्हणान काय माणसां विडी ओढी नाय व्हती? बंदी काय, कोण पण घालता. बंदी घातल्यार माणूस खय जाता, ता आधी बघ."

मी मान डोलावली. सल्ला मला पटला नव्हता. मला तो जुन्या जमान्याचा वाटला. माझ्याकडे नवीन पद होतं, आणि पाट्या लावायच्या होत्या.

पाट्यांसाठी स्टोअर विभागाला तीन प्रतींत मागणीपत्र लागतं. त्यांतली एक प्रत रेकॉर्ड विभागाची ना-हरकत घेऊन जोडावी लागते. म्हणजे मी मलाच पत्र लिहिलं, त्याची पोच स्वतःला दिली, आणि आठवडाभर विचार करून हरकत नसल्याचं कळवलं. इतकं झाल्यावर स्टोअरने सांगितलं की नव्या पाट्यांची तरतूद नाही, पण एक्स-रे विभाग तळमजल्यावर हलवला तेव्हाच्या चाळीस पाट्या पडून आहेत, त्यांवर रंगवून घ्या. मी रंगवून घेतल्या. पेंटरने मजकूर बदलला, पण प्रत्येक पाटीच्या खालचा मोठा लाल बाण तसाच ठेवला. तो त्याला शोभेचा वाटला म्हणे.

परिणाम असा झाला की 'धूम्रपान' हा शब्द आणि त्याखाली जिन्याकडे जाणारा बाण एवढंच लांबून दिसायचं. 'निषिद्ध' हे बारीक अक्षरांत होतं. दुसऱ्या दिवशी पेशंटचे नातेवाईक बाण बघत बघत एकेक मजला चढू लागले. बाण चौथ्या मजल्यावर संपत होते. तिथे माझं टेबल आहे. सोलापूरचे एक गृहस्थ टोपी काढून अदबीने म्हणाले, "साहेब, इथंच ओढायची ना?" मी नाही म्हणालो तर ते दुखावले. इतके जिने चढवून आणून माणसाला असं परत पाठवणं बरं नव्हे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दुपारी मी स्वतः स्टुलावर चढून चाळीस बाणांवर पांढरा कागद चिकटवला. खळीचे डाग पँटवरून अजून गेलेले नाहीत.

मग मी मागचा जिना जिथे संपतो त्या गच्चीकडे वळलो. गच्चीबद्दल सगळ्यांना माहीत होतं, फक्त मॅडमना नव्हतं. दुपारी चार वाजता मी दार ढकलून वर गेलो तेव्हा पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिघं बसलेली होती. एक्स-रे टेक्निशियन राजरत्न गमरे सिगरेट ओढत होता. वॉर्डबॉय सीतारामच्या हातात विडी होती; सीताराम सत्तावन्न वर्षांचा आहे, पण हुद्दा बॉयचाच. आणि मेटर्निटीच्या आयाबाई सुभद्रामावशी हातावर मशेरी घेऊन दात घासत होत्या. मशेरीला धूर नसतो, त्यामुळे त्या नियमात बसतात की नाही हे मला परिपत्रकात शोधूनही सापडलं नव्हतं.

मला बघून कोणी काही लपवलं नाही. माझा त्यात थोडा अपमान झाला.

"या साटमसाहेब," राजरत्न म्हणाला, "बसा. आज हवा चांगली आहे."

मी तिघांना समजपत्रं दिली. त्यांनी सह्या केल्या. सीतारामने तारीखसुद्धा घातली. मग तिघं निमूट उठली आणि खाली गेली, आणि मी गच्चीच्या दाराला जुनं पितळी कुलूप लावलं. कोणी वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते निमूट जाणं मला रात्रीपर्यंत टोचत राहिलं.

पण आठ दिवस जिन्यात एकही थोटूक सापडलं नाही. मी मॅडमना तसा अहवाल दिला. मॅडम हसल्या. सुपरिंटेंडेंट हसताना मी नोकरीत दुसऱ्यांदा पाहिल्या.

नवव्या दिवशी मी लॉन्ड्रीत हरवलेल्या एका फायलीचा शोध घेत होतो. लॉन्ड्रीच्या पुढे, कंपाउंडच्या कोपऱ्यात, ऑक्सिजनची खोली आहे. तिथे सिलिंडर उभे असतात आणि तिथून नळ्या थेट आयसीयूपर्यंत जातात. त्या खोलीच्या मागे भिंत आणि कंपाउंड यांच्यात हातभर बोळ आहे. त्या बोळात, जमिनीवर, थोटकं पडली होती. विड्यांचीही होती. खोलीच्या जाळीपासून चार पावलांवर.

 मी तिथेच एका पालथ्या बादलीवर बसलो. आयसीयूत त्या दिवशी अकरा पेशंट होते. त्यांच्या फायली सकाळीच माझ्या हातांखालून गेल्या होत्या. आगीचा कुठे मागमूस नव्हता, उन्हात एक मांजर निवांत झोपलं होतं, आणि मला मात्र गणपतकाकांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ही माणसं तिथे माझ्यामुळे गेली होती. गच्ची मी बंद केली होती.

नियमाप्रमाणे मी मॅडमना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तिघांची नोकरी गेली असती, आणि चौथी मंडळी आणखी कुठेतरी, आणखी आतल्या बोळात शिरली असती. मी थोटकं कागदात गोळा केली, ओल्या मातीत पुरली, आणि राजरत्नला गाठायला धावत जिना चढलो... म्हणजे एक्स-रे विभाग तळमजल्यावर आहे, आणि मी घाबरून चौथ्या मजल्यावर गेलो होतो. परत खाली उतरलो. राजरत्नला बाजूला घेतलं.

"ऑक्सिजनच्या मागे कोण जातं?"

त्याचा चेहरा पडला. "मी नाही जात. पण कोण जातं ते माहीत आहे. मी सांगितलं होतं त्यांना, तिथे नको म्हणून."

"चार वाजता गच्ची उघडी असेल," मी म्हणालो. "फक्त चार वाजता. किल्ली माझ्याकडे राहील. आणि त्या बोळात परत एक जरी थोटूक दिसलं तर मी स्वतः मॅडमकडे जाणार."

अशा रीतीने धूरमुक्त परिसराचा नोडल अधिकारी त्या परिसरातल्या एकमेव धुराचा राखणदार झाला. बोळ मात्र स्वच्छ झाला. मी रोज दोनदा जाऊन बघत होतो.

सुरुवातीला मी किल्लीसाठी दाराशी उभा राहायचो. मग दारात. मग, पाय दुखतात म्हणून, टाकीच्या सावलीत.

ती गच्ची कशी आहे हे मला नीट सांगता येणार नाही. आमचं हॉस्पिटल परळला आहे, आणि आपण खाली रस्त्यावर असतो तेव्हा परळ अंगावर येतं. तिथे वर ते सगळं खाली राहतं. अँब्युलन्सचा भोंगासुद्धा वर पोचेपर्यंत मऊ होतो, कोणीतरी लांबून हाक मारत असल्यासारखा. एका बाजूला बंद मिलची चिमणी, तिच्याभोवती काचेचे टॉवर, आणि घारी तरंगत असतात त्या जागच्या हलत नाहीत असं वाटतं. पूर्वेला, इमारतींच्या फटीतून, शिवडीच्या खाडीचा एक तुकडा दिसतो. हिवाळ्यात तिथे एक फिकट गुलाबी रेघ उमटते. राजरत्न म्हणायचा, ते फ्लेमिंगो. सीताराम म्हणायचा, ते प्लॅस्टिक. हा वाद अकरा वर्षं चालू होता आणि दोघांपैकी कोणी शिवडीला जाऊन बघितलं नव्हतं.

धूर वर जायचा, वाऱ्याने वळायचा, आणि माझ्या तोंडावरून सावकाश निघून जायचा. मी डोळे मिटून घ्यायचो. मी सिगरेट ओढत नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो, पण त्या धुरात नऊ वर्षांपूर्वीचा मी कुठेतरी बसलेला असायचा आणि त्याला भेटायला मला बरं वाटायचं. कधी डुलकी लागायची. अशा एका डुलकीत सगळं हॉस्पिटल गलबतासारखं सुटून खाडीच्या दिशेने निघालं होतं. खिडक्यांतून पेशंट हात हलवत होते, आणि मॅडम गच्चीवर उभ्या राहून मला शांतपणे विचारत होत्या की फायली घेतल्या का. मी म्हणत होतो, घेतल्या. मग सुभद्रामावशींनी खांद्याला हात लावला. "साटमसाहेब, सव्वाचार झाले."

घरी मात्र हे स्वप्न शर्टाबरोबर यायचं. दुसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी अक्षदाने माझा शर्ट नाकाशी धरला आणि काही न बोलता खुर्चीवर ठेवला. ती बोलत नाही तेव्हा पंखासुद्धा हळू फिरतो.

"मी ओढली नाही," मी म्हणालो.

"मी विचारलं का?"

"हवा तर वास घे तोंडाचा."

तिने घेतला. तोंडाला वेलचीचा वास येत होता. सुभद्रामावशी सगळ्यांना खाली जाताना वेलची देतात. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. चौपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, मला सगळी हकीगत पहिल्यापासून सांगावी लागली : फॉर्म, बाण, बोळ, किल्ली. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अहो, ओढत नाही, तर तिथे बसता कशाला?"

याचं उत्तर मला अजूनही नीट येत नाही. पण त्यातला एक भाग मी तिला सांगितला. तो राजरत्नचा होता.

झालं होतं असं. आमच्याकडे स्टाफची वार्षिक तपासणी होते आणि तिच्या फायली माझ्याकडे असतात. चार वाजताच्या त्या बैठकांमुळे एके दिवशी मी सहज राजरत्नची फाईल काढली. रक्त होतं, लघवी होती, डोळे होते. छातीचा एक्स-रे नव्हता. मागच्या वर्षी नव्हता, त्याच्या मागच्या वर्षीही नव्हता. अकरा वर्षं मागे गेलो. रोज साठ-सत्तर माणसांच्या छातीचे फोटो काढणाऱ्या माणसाने स्वतःचा एकही काढला नव्हता. आणि मग मला त्याचा खोकला ऐकू यायला लागला. तो आधीही होता, मी फक्त ऐकलेला नव्हता.

मी त्याला विचारलं. तो खाडीकडे बघत राहिला.

"साटमसाहेब, मी प्लेट बघितल्यावर मला कळतं. डॉक्टरांच्या आधी कळतं. पेशंट शर्टाची बटणं लावत असतो, आणि मला कळलेलं असतं. माझे वडील विडी ओढायचे. त्यांचा फोटो मीच काढला होता, नोकरीतल्या पहिल्या वर्षी. ते बटणं लावत होते आणि मला विचारत होते, कसा आलाय रे."

"मग?"

"मी म्हटलं, छान आलाय."

त्या दिवशी सीतारामनेही विडी अर्धी विझवली.  घारी फिरत होत्या.

"त्याचा फोटो काढून घ्या," हे ऐकून अक्षदा म्हणाली. शर्ट तिने बादलीत टाकला. "किल्ली तुमच्याकडे आहे ना. मग काहीतरी करा तिचं."

काय करायचं ते मला सुचण्याआधीच तपासनीस आले. ते गुरुवारी येणार होते. ते बुधवारी आले, चार वाजून पाच मिनिटांनी, कारण गुरुवारी त्यांच्या नातवाचं गॅदरिंग होतं. मी त्या वेळी टेबलावर एक सही करायला खाली आलो होतो. फोन वाजला. मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "साटम, गुप्ते साहेब आलेत. वरून खाली बघत येणार म्हणतात. आम्ही लिफ्टमध्ये आहोत."

मी जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या कशा चढलो हे माझ्या गुडघ्यांना विचारा. दार ढकलून मी म्हणालो, "विझवा. आवाज करू नका," आणि बाहेरून दार ओढून घाईघाईने कुलूप लावलं. किल्ली फिरली. मग आणखी फिरली, फिरायला नको होती तितकी. माझ्या हातात तिचं अर्धं राहिलं. बाकीचं अर्धं कुलपात होतं.

रमाकांत गुप्ते साठीचे, बारीक, हातात वही. चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्ट येते, त्यापुढच्या जिन्याने त्यांना दम लागला होता. मॅडम मागे उभ्या होत्या.

"ही गच्ची?"

"बंद असते, साहेब," मी म्हणालो. अर्धी किल्ली मुठीत होती.

"नेहमी?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत असताना दारामागून सुभद्रामावशींचा आवाज आला. "साटमसाहेब, गेले का ते?"

 गुप्ते साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि मी कुलपाकडे. तेवढ्यात आत मोबाइल वाजला, आणि राजरत्नचा आवाज आला, या वेळी अगदी वेगळा.

"साटमसाहेब, दार उघडा. खाली अपघाताचा पेशंट आलाय. मान दुखावली आहे. नूपुर एकटी आहे."

नूपुर म्हणजे त्याची नवी सहकारी, रुजू होऊन पंधरा दिवस झालेली.

मी मूठ उघडली आणि अर्धी किल्ली सगळ्यांना दाखवली.

मेंटेनन्सच्या सुताराला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि त्या वीस मिनिटांत राजरत्नने बंद दाराआडून, फोनवर, नूपुरला तो एक्स-रे काढायला लावला. आम्ही दाराच्या या बाजूला उभे राहून ऐकत होतो. "त्याला उठवू नकोस. मानेचा पट्टा काढायचा नाही. प्लेट बाजूला उभी कर, खांद्याला टेकव. आता ट्यूब तुझ्याकडे घे. घाबरू नको, तो तुझ्याकडेच बघतोय. त्याचं नाव विचार. विचारलंस? आता त्याला नावाने सांग, हलू नका." त्याचा आवाज इतका शांत होता की मलाच हलू नये असं वाटलं. गुप्ते साहेबांनी वही मिटून काखेत धरली होती. मॅडमनी डोळे मिटले होते. पायऱ्यांवर ऊन तिरपं पडलं होतं आणि त्यात धूळ सावकाश फिरत होती.

"आला?" राजरत्न म्हणाला. "पाठव मला." मग थोड्या वेळाने, "छान काढलास. मणका जागेवर आहे. डॉक्टरांना दाखव."

त्या शांततेत मी गुप्ते साहेबांना सगळं सांगितलं. बोळ सांगितला, थोटकं सांगितली, किल्ली कोणी दिली ते सांगितलं. मॅडमसमोरच सांगितलं. लपवण्यासारखं आता फक्त ते दारच उरलं होतं, आणि तेही सुताराने बिजागरीसकट काढलं.

बाहेर तिघं ओळीत उभी होती, शाळेत उभी करतात तशी. धूर नव्हता. टाकीखाली थोटकांचा पत्र्याचा डबा होता. गुप्ते साहेबांनी तो बघितला. मग ते कठड्यापाशी गेले आणि बराच वेळ खाडीकडे बघत राहिले.

"ते गुलाबी काय आहे?"

"फ्लेमिंगो," राजरत्न म्हणाला.

"प्लॅस्टिक," सीताराम म्हणाला.

साहेबांनी ते वहीत लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, 'प्रामाणिक, परंतु अपात्र. सहा महिन्यांनी पुन्हा यावे. कर्मचाऱ्यांना धूम्रपान सोडण्यासाठी मदत केंद्र हवे.' प्रमाणपत्र मिळालं नाही. रिसेप्शनमागच्या भिंतीवर आता कॅलेंडर आहे.

मॅडमनी मला केबिनमध्ये उभं केलं. "साटम, तुम्हांला धूर बंद करायला सांगितला होता. सांभाळायला नाही." हे इतकं खरं होतं की मी वाक्य मनात उतरवून घेतलं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "ऑक्सिजनचं मला त्याच दिवशी सांगायला हवं होतंत." हेही खरं होतं. "तिघांना काढत नाही. पण पुन्हा गच्चीवर दिसले तर तुमच्यासकट जातील. संध्याकाळपर्यंत घटना अहवाल द्या."

घटना अहवालाचा फॉर्म आमच्याकडे एकच आहे. आग, धूर, लिफ्टमध्ये अडकणे, खोलीत कोंडले जाणे, सगळ्याला तोच. मी तो वीस वर्षं फायलीला लावत आलोय, आणि त्याचा नववा रकाना आजवर कोणी भरलेला मी पाहिला नव्हता. त्यात छापलं आहे : 'घटनेत सामील सर्व व्यक्तींची वैद्यकीय तपासणी, छातीच्या एक्स-रेसह.' तो रिकामा सोडला असता तरी कोणी विचारलं नसतं. मी अक्षर सुवाच्य काढलं. चार नावं लिहिली, त्यांत माझंही, आणि मॅडमची सही घेतली. मॅडमनी रकाना वाचला, नावं वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली.

राजरत्नने कागद दोनदा वाचला.

"हे तुम्ही केलंत."

"फॉर्म तसा आहे."

"फॉर्म मला माहीत आहे, साटमसाहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शर्ट काढून हुकाला अडकवला. बनियनमधला राजरत्न मी पहिल्यांदा बघत होतो. शर्टात दिसायचा त्याहून तो लहान दिसत होता.  नूपुरने त्याला प्लेटसमोर उभं केलं आणि तो तिथूनच तिला सांगू लागला, हनुवटी आणखी वर हवी, खांदे पुढे हवेत.  नूपुर काचेमागे माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि मायक्रोफोनवर म्हणाली, "श्वास घ्या. रोखून धरा."

हे वाक्य त्याने हजारो लोकांना सांगितलं होतं. आता ते त्याला सांगितलं गेलं. त्याने श्वास घेतला आणि धरला. मीही धरला. बटण दाबून झालं तरी तो तसाच उभा होता. "सोडा, सर," नूपुर म्हणाली. "झालं."

त्याने स्क्रीनकडे पाठ केली आणि बटणं लावू लागला. दोन बटणं चुकली. मग त्याने मला विचारलं, "कसा आलाय?"

मला त्यातलं काही कळत नाही. मी म्हणालो, "मला वाचता येत नाही. तूच बघ."

तो वळला. खूप वेळ बघत राहिला. त्याचं बोट स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापाशी गेलं, उजव्या बाजूला, आणि तिथे थांबलं. तिथे एक लहान पांढरा ठिपका होता. 

"हा जुना आहे," राजरत्न हळूच म्हणाला. "फार जुना. भरलेला. टीबी झाला असणार मला, लहानपणी. मला कोणी सांगितलंच नाही."

छातीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ठिपका जुना, बरा झालेला. बाकी फुफ्फुसं थकलेली आहेत, पण अजून ऐकण्याच्या अवस्थेत आहेत; आता सोडलीस तर ऐकतील. राजरत्नने सिगरेट लगेच सोडली असं मी म्हणणार नाही. आठाच्या तीन झाल्या, तिनाची एक झाली. मदत केंद्र निघालं, ते माझ्याच टेबलाशेजारी. तिथे तो सोमवारी आणि गुरुवारी येतो, चिडतो, च्युइंगम चघळतो, परत जातो. सीताराम नुसता बघायला येतो. माझा एक्स-रे नॉर्मल आला. याची दखल घरात कोणी घेतली नाही.

एक्स-रे काढला त्याच आठवड्यातल्या रविवारी राजरत्नने मला वरळीला घरी नेलं. बीडीडीच्या चाळीतलं त्यांचं घर गेलं आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, खूप वरच्या मजल्यावर, त्याला आणि त्याच्या आईला नवीन घर मिळालं होतं. कमलाबाई ऐंशीच्या पुढे आहेत. उंचीची सवय नसल्यामुळे त्या खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसल्या होत्या. राजरत्नने पिशवीतून फिल्म काढली. हल्ली सगळं संगणकावर असतं, तरी त्याने ती मुद्दाम काढून घेतली होती.

"आये, मी लहान असताना मला काय झालं होतं?"

त्या उठल्या, भिंतीला धरत धरत खिडकीपर्यंत आल्या, आणि फिल्म दोन्ही हातांनी उजेडात धरली. बाहेर सकाळचा समुद्र होता, पांढरा, न हलणारा. तो फिल्ममधून आरपार दिसत होता. बरगड्यांच्या मागे पाणी, त्या पाण्यावर कुठेतरी एक होडी.

"हा तू?"

"मी."

त्यांचं बोट फिरत फिरत त्या ठिपक्यापाशी आलं. कोणी दाखवलेलं नव्हतं.

"तीन वर्षांचा होतास," त्या म्हणाल्या. "अठरा महिने रोज तुला कडेवर घेऊन दवाखान्यात नेत होते. सुईला रडायचास. चाळीत सांगितलं असतं तर कोणी तुला खेळायला घेतलं नसतं. म्हणून कोणाला सांगितलं नाही. तुझ्या बापालाही नाही."

 राजरत्नने आईच्या हातांखाली आपले हात धरले. मी चपला शोधू लागलो. अशा वेळी तिथे थांबू नये एवढं मला कळतं. पण कमलाबाईंनी मागे न बघता मला हाक मारली.

"बसा हो. चहा टाकते," त्या म्हणाल्या. फिल्म मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.